अंतर जमिनीवरचं, वेळ हवेतला

गेल्या डिसेंबरात मावशी लेकीकडे, न्यू जर्सीला निघाली, तेव्हा आम्ही सगळे तिच्या घरी जेवायला जमलो होतो. पानं घ्यायची होती, तेवढ्यात ती तिकिटाचा कागद घेऊन आली. मुंबईहून न्यूअर्कला जाताना सोळा तास, परत येताना साडेचौदा. विमानतळ तेच, मधली जमीनही तीच. मग दीड तास गेला कुठे? भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने लगेच उत्तर दिलं, "आजी, पृथ्वी फिरते ना! जाताना आपण तिच्या उलट जातो, येताना तिच्याबरोबर येतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी तरी म्हणालं, "बरोबर आहे, पृथ्वीचं फिरणं सोडलं तर अंतर भागिले वेग, एवढंच तर आहे."

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हे उत्तर मी वर्गात ऐकलं आहे, शिक्षकांच्या खोलीत ऐकलं आहे, आणि विमानाने वर्षातून चारदा जाणाऱ्या माणसांकडूनही ऐकलं आहे. ते चुकीचं आहे. त्यात एक चूक नाही, एकात एक गुंतलेल्या दोन आहेत, आणि दोन्ही सोडवून दाखवल्याशिवाय मावशीच्या दीड तासाचा हिशेब लागत नाही.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण तो तितका भाबडा नाही. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, हे सूत्र खरंच आहे. आगगाडीला, एसटीला, पायी वारीला ते चालतं, कारण जमीन जागची हलत नाही. दादर ते ठाणे जेवढं, तेवढंच ठाणे ते दादर, म्हणून दोन्हीकडून वेळही जवळपास सारखाच लागतो. आता मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकली की किलोमीटर येतात आणि शेजारी तास-मिनिटंही येतात. मग माणूस असं धरून चालतो की दुसरा आकडा पहिल्यातून निघाला आहे, आणि जाण्या-येण्यात फरक पडला तर तेवढ्यापुरतं काही तरी बाहेरचं कारण असणार. त्या रिकाम्या जागी पृथ्वीचं फिरणं आणून बसवलं जातं. ते अगदी चपखल बसल्यासारखं वाटतं, कारण पृथ्वी खरोखरच पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि पूर्वेकडे येणारं विमान खरोखरच बहुधा लवकर येतं.

पण हे मत त्याच्याच शब्दांत शेवटपर्यंत नेऊन बघा. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते. मुंबईच्या अक्षांशावर हा वेग ताशी १५८० किलोमीटरच्या आसपास आहे. प्रवासी विमानाचा वेग ताशी ८५० ते ९००. विमान जमिनीवरून उठलं की त्याच्याखाली पृथ्वी स्वतंत्रपणे फिरत राहते, असं मानलं तर मुंबईहून निघालेलं विमान कोलकात्याला कधीच पोहोचणार नाही. कोलकाता ताशी पंधराशेच्या वेगाने पुढे पळतंय आणि विमान ताशी साडेआठशेने त्याच्या मागे लागलंय! उलट अमेरिका विमानाखाली आपण होऊन चालत येईल, म्हणजे पश्चिमेचा प्रवास झटपट व्हायला हवा. प्रत्यक्षात घडतं ते याच्या नेमकं विरुद्ध. जे कारण स्वतःचंच फळ उलटं देतं, ते कारण असूच शकत नाही.

विमान जमिनीवर उभं असतं तेव्हाच ते पृथ्वीबरोबर ताशी १५८० च्या वेगाने पूर्वेकडे चाललेलं असतं. त्याच्या भोवतीची हवाही तशीच चाललेली असते. उड्डाण केल्याने तो वेग गळून पडत नाही. चालत्या गाडीत डब्यात उडी मारली तर आपण पुन्हा त्याच जागी उतरतो, मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. आणि हा वाद काही विमानाबरोबर जन्मलेला नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये 'आर्यभटीय' लिहिलं. त्यात पृथ्वी फिरते हे सांगताना त्याने नावेचा दाखला दिला: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. पुढच्या शतकात वराहमिहिराने 'पंचसिद्धांतिका'मध्ये त्यावर आक्षेप घेतला: पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले ससाण्यासारखे पक्षी आपल्या घरट्याकडे परत येऊ शकले नसते. वराहमिहिर थोर माणूस होता आणि त्याचा आक्षेप त्या काळी रास्त होता. गती अंगात भिनलेली असते, पक्षी उडाला तरी ती त्याच्याबरोबर राहते, हे तेव्हा कोणी मांडलेलं नव्हतं. गंमत वाटत नाही, हळहळ वाटते ती याची की दीड हजार वर्षांनी अभियांत्रिकी शिकणारा मुलगा पृथ्वी फिरते हे आर्यभटाचं मानतो, आणि उडालेली वस्तू मागे राहते हे वराहमिहिराचंही मानतो. ही दोन्ही मतं एकत्र नांदू शकत नाहीत.

तर मग दीड तासाचं काय?

सातवी-आठवीच्या शिष्यवृत्तीच्या गणितांत एक नाव असायची. तिचा संथ पाण्यातला वेग ताशी अमुक, प्रवाहाचा वेग ताशी तमुक, तर प्रवाहाच्या दिशेने आणि प्रवाहाच्या विरुद्ध जायला किती वेळ लागेल? ही गणितं आपण सोडवली आणि विसरलो, कारण नावेतून जाणारं कोणी उरलं नाही. विमान हीच ती नाव. चाक जमिनीवरून सुटलं की विमानाचा जमिनीशी संबंध संपतो. ते हवेत पोहतं, हवेला धरून पुढे जातं, आणि ती हवा स्वतः कुठे तरी वाहत असते. वैमानिकाच्या भाषेत म्हणूनच दोन वेगळे वेग आहेत. एअरस्पीड म्हणजे भोवतालच्या हवेच्या तुलनेतला वेग, आणि ग्राउंडस्पीड म्हणजे खालच्या जमिनीच्या तुलनेतला. पहिला विमानाच्या इंजिनाचा आणि पंखांचा. दुसऱ्यात वाऱ्याचा वाटा असतो.

मुंबई–कोलकाता घ्या. सरळ अंतर सुमारे १६६० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ताशी ८५० धरू, आणि हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून ताशी १०० चा वारा धरू. कोलकात्याला जाताना जमिनीवरचा वेग होतो ९५०, आणि मधला प्रवास पावणेदोन तासांत संपतो. येताना वेग ७५०, आणि वेळ दोन तास तेरा मिनिटं. विमानतळ तेच, अंतर तेच, फरक अठ्ठावीस मिनिटांचा. इथे कोणी म्हणेल, जाताना जेवढं कमावलं तेवढंच येताना गमावलं, हिशेब फिटला. तोही फिटत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन तीन तास चोपन्न मिनिटं लागली असती. वाऱ्यात लागतात तीन तास अठ्ठावन्न. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, पाठच्या वाऱ्याचा लाभ मात्र थोडाच वेळ मिळतो, म्हणून स्थिर वारा दोन्ही वेळा सारखाच असला तरी एकूण प्रवासात तो नेहमी घेऊनच जातो. मुलांना हे फळ्यावर करून दाखवलं की ती दोनदा तपासतात.

हा वरचा वारा माणसाला उशिरा कळला. जपानात तातेनो इथल्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी हे हवामानशास्त्रज्ञ १९२३ पासून फुगे सोडून दुर्बिणीने त्यांचा मागोवा घेत होते. २ डिसेंबर १९२४ ला नऊ किलोमीटर उंचीवर त्यांना सेकंदाला ७२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाचा पश्चिम वारा मिळाला. जगाला कळावं म्हणून त्यांनी १९२६ मध्ये आपला अहवाल एस्परांतो भाषेत छापला. ही भाषा सगळ्यांची व्हावी म्हणून रचलेली, पण वाचणारे मूठभर, आणि अहवाल पडून राहिला. मग १९४४ च्या नोव्हेंबरात टोकियोवर उंचावरून बॉम्ब टाकायला आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना तोच वारा सामोरा आला आणि त्यांचे नेम चुकले. १८ नोव्हेंबर १९५२ ला पॅन अॅमचं विमान टोकियोहून होनोलुलूला जाताना मुद्दाम या प्रवाहात घुसलं, आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला. दोन गावांमधला समुद्र तेवढाच होता. इंजिनंही तीच होती.

त्यामानाने अलीकडचं उदाहरण फेब्रुवारी २०२० चं. अटलांटिकवर मोठं वादळ होतं. न्यूयॉर्कहून लंडनला आलेलं ब्रिटिश एअरवेजचं ७४७ चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचलं, एरवी सहा तासांहून जास्त लागतात. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग एका टप्प्यात ताशी १३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. तरी त्या विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता. भोवतालच्या हवेत ते आपल्या नेहमीच्याच चालीने पोहत होतं. हवाच धावत होती.

आता पृथ्वीच्या फिरण्याच्या मताला शेवटचं उत्तर आपल्याच डोक्यावर आहे, आणि ते शोधायला जपानला जावं लागत नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावर, साधारण बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून जोरदार वारा वाहतो. जूनमध्ये हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. तिबेटचं पठार तापतं, त्याच्यावरची हवा तापते, उत्तर-दक्षिण तापमानाचा तोल उलटतो आणि दक्षिण भारताच्या वर, खूप उंचावर, पूर्वेकडून येणारा वेगवान प्रवाह उभा राहतो. भारतीय हवामान खात्यातले पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये या पूर्वेच्या प्रवाहावर निबंध प्रसिद्ध केला, आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो गेला. जुलैत मुंबईत छत्री उलटी करणारा वारा नैर्ऋत्येकडून येतो हे आपण सगळे जाणतो. त्याच दिवशी, त्याच मुंबईवर, ढगांच्या डोक्यावरचा वारा पूर्वेकडून येत असतो. मुंबईहून नैरोबीकडे, म्हणजे पश्चिमेला निघालेल्या विमानाला तेव्हा पाठचा वारा मिळतो आणि परतणाऱ्याला समोरचा. जाण्या-येण्यातला फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडत असता, तर पावसाळ्यात पृथ्वी उलटी फिरते असं म्हणावं लागेल.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मामा, हिवाळ्यात तरी वारा पश्चिमेकडूनच का? त्याच्या मागे पृथ्वीचं फिरणं नाहीच का?"

आहे, आणि त्याच्या प्रश्नाने मला खरा आनंद झाला. विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते आणि ध्रुवांकडे सरकते. तिथे असताना ती जमिनीबरोबर ताशी १६७० च्या वेगाने पूर्वेकडे जात होती. ३० अंश अक्षांशावर जमिनीचा वेग १४४६ च आहे. हवेच्या अंगात मूळचा वेग शिल्लक आहे, म्हणून ती जमिनीच्या पुढे पूर्वेकडे धावू लागते. घर्षणाने आणि वादळांच्या घुसळणीने तो वेग बराच जिरतो, तरी जो उरतो तोच हा पश्चिमेकडचा वारा. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण तो विमानावर नाही, हवेवर आहे. तिथे सूर्याच्या उष्णतेचा हातही तितकाच आहे, पर्वतांचाही आहे, आणि म्हणून ऋतूबरोबर त्याची दिशा बदलू शकते. कारणाचं कारण आणि कारण यांत फरक करणं हे सगळ्याच विद्यांचं पहिलं पथ्य आहे. ते पाळलं नाही की बरोबर शब्दांतून चुकीचं उत्तर निघतं.

दुसरी चूक अंतराची.

जेवणं झाल्यावर मी मावशीच्या नातवाचा पृथ्वीगोल मागवला आणि तिच्या शिवणाच्या डब्यातला जाड काळा दोरा. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर मावशीने धरलं, आणि दोरा ताणला. सगळ्यांना वाटत होतं तो अरबस्तान आणि आफ्रिकेवरून अटलांटिक ओलांडेल, कारण भिंतीवरच्या नकाशात अमेरिका आपल्या डावीकडे आहे. दोरा ताणला की तो आपोआप घसरत वर गेला. काठेवाडावरून सिंधमध्ये शिरला, अफगाणिस्तानाची पश्चिम बाजू, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोच्या जवळून फिनलंड, आइसलँडवरून ग्रीनलंडचं दक्षिण टोक, आणि लाब्राडोरवरून खाली न्यूयॉर्क. वाटेत तो जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढला होता, ध्रुववृत्ताच्या अगदी पायथ्याशी. मावशी म्हणाली, "म्हणजे मी उत्तरेला निघाले आहे!" खरंच, मुंबईहून या वाटेने निघालेल्या विमानाचं नाक उत्तर-वायव्येला असतं.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून हाच प्रवास केला, तर होतात सुमारे १४,२०० किलोमीटर. गोलावरच्या ताणलेल्या दोऱ्याने होतात १२,५०० च्या आसपास. मर्केटरने १५६९ मध्ये काढलेला नकाशा दर्यावर्दींसाठी होता. होकायंत्राची दिशा न बदलता जाता यावं म्हणून त्याने अंतरांचा बळी दिला, आणि तो त्या कामाला उत्तम आहे. तो वर्गाच्या भिंतीवर लागला आणि पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत बसला, तिथे घोळ झाला.

अंतराच्या कोष्टकात येतो तो आकडा या ताणलेल्या दोऱ्याचा असतो, इथवर ठीक आहे. पण ते अंतर तरी विमान तोडतं का? फारच क्वचित. आणि कमी अंतर म्हणजे कमी वेळ, हे तरी खरं का? यासाठी माझ्याकडे एकच उदाहरण आहे आणि ते पुरेसं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. ताणलेल्या दोऱ्याचं अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर, आणि ती वाट हिमालय, तिबेट आणि सायबेरियावरून ७५ अंश उत्तरेपर्यंत जाते. तिबेटवरून जाताना एक अडचण असते. विमानातला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला तातडीने तीन हजार मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू थोड्याच मिनिटांचा असतो. पठारच साडेचार हजार मीटर उंच, तर उतरणार कुठे? एअर इंडियाचं विमान त्यामुळे युरोप आणि अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या वाटेने जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी वाट बदलली. विमान पश्चिमेऐवजी पूर्वेकडे निघालं, पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा चौदाशे किलोमीटर जास्त. वेळ लागला साडेचौदा तास, जुन्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास कमी!

तीन वाटा, तीन अंतरं, आणि विमान प्रत्यक्ष गेलं त्या दोन वाटांपैकी लांबची वाट आधी पोहोचली. ताशी सरासरी साडेदहाशे किलोमीटर. इंजिनाने हा वेग दिलेला नाही, ओइशींना जपानवर सापडलेल्या त्याच वाऱ्याने दिला आहे. परतीचं विमान अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच येई. जाऊन-येऊन पृथ्वीला पूर्ण फेरा, आणि दोन्ही वेळा वारा पाठीशी. ज्याने ही वाट आखली त्याने अंतर पाहिलं नाही, असं नाही. त्याने जमिनीवरचं अंतर बाजूला ठेवून हवेतलं अंतर मोजलं. वैमानिकांच्या हिशेबात ही वेगळी गोष्ट आहे: किती हवा कापावी लागेल. पाठीशी वारा असेल तर पंधरा हजार किलोमीटर जमिनीसाठी तेरा हजारच किलोमीटर हवा कापावी लागते. पूर्वपक्षाचं सूत्र म्हणूनच खोटं ठरत नाही, फक्त त्यात घालायचं अंतर जमिनीवरचं नाही.

माणसांनी घातलेल्या कुंपणांचं थोडक्यात सांगतो, कारण ते रोज वर्तमानपत्रांत येतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं ते जुलैपर्यंत. त्या काळात दिल्लीहून थेट इस्तंबूलला जाणाऱ्या भारतीय विमानाला इंधनासाठी दोह्याला उतरावं लागत होतं. एप्रिल २०२५ पासून पुन्हा भारतीय कंपन्यांना ते आकाश बंद झालं. रशियाचं आकाश २०२२ मध्ये युरोपच्या कंपन्यांना बंद झालं, तेव्हा हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला, आणि काही विमानं उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. मावशीच्या दोऱ्यावर सिंध आणि मॉस्को दोन्ही होते. दोन शहरांमधलं अंतर तसूभरही वाढलेलं नसतं, पण ती एकमेकांपासून दूर गेलेली असतात.

आणि जमिनीजवळचं मुंबईकरांना सांगायलाच नको. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. पावसाळ्याच्या संध्याकाळी दिल्लीहून आलेलं विमान मुंबईच्या दारात येऊन घिरट्या घालतं, मग घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून पश्चिमेकडे तोंड करून उतरतं, कारण खालचा वारा समुद्राकडून येतो आणि उतरताना तो समोरून लागतो. दिल्ली–मुंबई सुमारे ११४० किलोमीटर. हवेतला वेळ पावणेदोन तासांच्या आत असू शकतो. तिकिटावर मात्र सव्वादोन तास छापलेले असतात. विमान जागेवरून हललं तेव्हापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा तो वेळ आहे. कंपन्या त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि रांगेची, घिरट्यांची, ऋतूतल्या वाऱ्याची सोय त्यात आधीच धरलेली असते. तो अंदाज आहे आणि चांगल्या अनुभवाचा अंदाज आहे. पण तो अंतरातून भागाकाराने काढलेला नाही.

हे एवढं सविस्तर का सांगतो आहे? मावशीला मधुमेह आहे. इन्सुलिन कधी घ्यायचं, जेवण कधी मिळेल, हे ती तासांवर बसवते. तिच्या वयाची हजारो माणसं महाराष्ट्रातून लेकी-मुलांकडे जातात, पुढचं विमान पकडायला मध्ये दीड तास ठेवतात, आणि समोरच्या वाऱ्याने तो दीड तास खाल्ला की परक्या विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसून राहतात. त्यांना कोणी सांगत नाही की हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना मधला वेळ जास्त ठेवा. आणि दुसरं, माझ्या जवळचं कारण. पृथ्वी फिरते म्हणून विमानाला उशीर होतो, हे उत्तर ज्या मुलाला पटतं, त्याला गती म्हणजे काय हे कळलेलं नाही, आणि त्याला ते कळलेलं नाही हेही कोणाच्या लक्षात येत नाही, कारण उत्तर ऐकायला शास्त्रीय वाटतं.

मावशीला निघताना एक वही दिली. समोरच्या पडद्यावर वेग, उंची आणि वारा दिसतो, तासातासाला लिहून आण, म्हटलं. तिने झोपेतून उठून उठून लिहिलं. जातानाच्या पानावर जमिनीवरचा वेग ७९०, ८१५, ७७०, एकदा ८८०, आणि एका ओळीसमोर तिने लिहिलं आहे: "वारा समोरून ९४. बाहेर उणे ५८." येतानाचं पान ती फेब्रुवारीत घेऊन आली. अटलांटिकवरच्या पहिल्या चार ओळी अशा आहेत: १०३०, १०५५, १०६२, १०४०. शेवटचा आकडा दोनदा गिरवला आहे, आणि पुढे तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलं आहे: "वारा पाठीशी १४६. चहा आला."

पुढच्या वर्षी ती जुलैत जाणार आहे. वही भाच्याने मागून घेतली आहे. नैरोबीला त्याचा एक मित्र असतो, त्याच्याकडूनही जाता-येताना लिहून घ्यायचं म्हणतो आहे.